लिओनोरा कॅरिंग्टनची शिल्पं पहिल्यांदाच पाहायला जाताय? जुन्या तुरुंगातल्या संग्रहालयाचा वाटाड्या

मेक्सिकोच्या सान लुईस पोतोसी शहरात एक जुना तुरुंग आहे. १९९९ पर्यंत तिथे कैदी होते. मार्च २०१८ पासून त्याच्या एका भागात लिओनोरा कॅरिंग्टन या अतिवास्तववादी (स्वप्नातलं, तर्कापलीकडचं जग रंगवणाऱ्या) चित्रकर्तीच्या शिल्पांचं संग्रहालय आहे, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हिलित्ला या डोंगरातल्या गावात दुसरं उघडलं. हा लेख या दोन्हींसाठी आहे. वाचक म्हणून डोळ्यांसमोर आहेत ते टेक्सास-कॅलिफोर्नियात राहणारे, चार-पाच दिवसांची सुट्टी काढून मेक्सिकोला जाणारे आणि समुद्रकिनाऱ्याचा कंटाळा आलेले मराठी लोक. पुण्या-मुंबईहून लांबच्या सहलीत मेक्सिको जोडणाऱ्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल. अतिवास्तववाद म्हटल्यावर वितळणारी घड्याळं एवढंच आठवत असेल तरी चालेल. उलट बरंच आहे, कारण इथे घड्याळं नाहीतच.

पायरी १: जाण्याआधी बाईंची ओळख करून घ्या

एरवी मी म्हणेन, कलाकाराचं चरित्र नंतर वाचा. इथे मात्र थोडं आधी वाचलेलं बरं, कारण ही शिल्पं ज्या इमारतीत ठेवली आहेत ती इमारत आणि हे चरित्र एकमेकांशी बोलतात.

लिओनोराचा जन्म ६ एप्रिल १९१७ चा, इंग्लंडमधल्या लँकशरचा. वडील कापडगिरणीतून श्रीमंत झालेले, आई आयरिश, सांभाळणारी बाईही आयरिश. भुतंखेतं, पऱ्या, रूप बदलणारे प्राणी यांच्या गोष्टी तिने लहानपणी या बायकांकडून ऐकल्या. शाळांमधून काढून टाकली गेली, वडिलांचं न ऐकता चित्रकला शिकली, विशीत माक्स अर्न्स्ट या तिच्याहून २६ वर्षांनी मोठ्या चित्रकारासोबत फ्रान्सला गेली. दोघं दक्षिण फ्रान्समधल्या एका खेड्यात राहत होते. महायुद्ध सुरू झालं आणि अर्न्स्ट जर्मन म्हणून पकडला गेला. ती स्पेनला पळाली, तिथे तिचं मन कोसळलं, आणि १९४० मध्ये सांतांदेरच्या एका मनोरुग्णालयात तिला बांधून ठेवून झटके आणणारी औषधं टोचली गेली. तिथून बाहेर काढल्यावर घरच्यांचा बेत तिला दक्षिण आफ्रिकेतल्या दुसऱ्या रुग्णालयात पाठवायचा होता. लिस्बनमध्ये सोबतच्या माणसांना चुकवून ती मेक्सिकोच्या वकिलातीत शिरली. मेक्सिकन मुत्सद्दी रेनातो लेदुकशी कागदोपत्री लग्न करून न्यूयॉर्क, आणि १९४२ मध्ये मेक्सिको. पुढे एमेरिको वाइस या हंगेरियन छायाचित्रकाराशी तिने संसार थाटला, दोन मुलगे झाले. २५ मे २०११ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, ती मेक्सिको सिटीतच गेली.

कोंडून ठेवलेली बाई, आणि तिचं संग्रहालय तुरुंगात. हे कोणी मुद्दाम जुळवलं की योगायोग, यावर वेळ घालवू नका. फक्त आत शिरताना ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट अशी की ती मुळात चित्रकर्ती. १९५१ मध्ये होसे ओर्ना या मित्राने कोरलेल्या आणि तिने रंगवलेल्या दोन मीटर उंचीच्या मांजरमुखी लाकडी बाईसारखे थोडे अपवाद सोडले, तर ब्राँझची शिल्पं बहुतेक उतारवयातली आहेत, आणि त्यातली बरीच शेवटच्या दहा-बारा वर्षांतली. नव्वदीला टेकलेल्या बाईने मेणात बोटं घालून केलेलं काम तुम्ही पाहणार आहात. ती मांजरबाई मात्र इथे शोधू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ती सुमारे १ कोटी १४ लाख डॉलरला विकली गेली आणि एका अर्जेंटिनियन संग्राहकाकडे गेली.

पायरी २: कागदपत्रं आणि वार

भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन यांपैकी एखादा चालू व्हिसा किंवा तिथलं कायम वास्तव्य असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. एच-वन-बी वाल्यांनी इथे सावध राहायचं. पासपोर्टमधला शिक्का संपलेला आणि हातात फक्त मंजुरीचं पत्र, अशा स्थितीत ही सवलत मिळत नाही, मेक्सिकोचा व्हिसा आधी काढावा लागतो. निघण्यापूर्वी वकिलातीच्या संकेतस्थळावर ताजा नियम पाहाच.

मेक्सिकोतली बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद. हिलित्लाच्या लास पोसास बागेची (तिची गोष्ट पायरी ७ मध्ये) सुट्टी वेगळ्या वारी असते आणि तिथे वेळ ठरवून तिकीट काढावं लागतं. म्हणून सहल आखताना आधी हिलित्लाचा दिवस पक्का करा आणि बाकीचं त्याभोवती बसवा. उलट केलंत तर हमखास कुठेतरी कुलूप भेटेल.

डलास आणि ह्यूस्टनहून सान लुईस पोतोसीला थेट विमानं आहेत. मेक्सिको सिटीहून यायचं तर उत्तरेच्या बसस्थानकावरून, सेंत्राल देल नोर्ते, बस धरायची. चारशे किलोमीटरच्या वर अंतर, पाच-सहा तास. वरच्या दर्जाच्या बसगाड्या आपल्या कुठल्याही व्होल्व्होपेक्षा ऐसपैस असतात. शक्य असेल तर मेक्सिको सिटीवरूनच या. कारण पुढच्या पायरीत.

पायरी ३: पहिलं शिल्प रस्त्यावर पाहा

संग्रहालयात जाण्याआधी मेक्सिको सिटीतल्या पासेओ दे ला रेफॉर्मा या हमरस्त्यावरची मगर गाठा. लिओनोराने हे ब्राँझ २००० मध्ये शहराला भेट दिलं आणि २००६ पासून ते या रस्त्यावर, आव्र रस्त्याच्या तोंडाशी, उभं आहे. साडेआठ मीटर लांब. मगरीच्या आकाराची होडी, होडीत बसलेल्या मगरीच, आणि होडी हाकणारीही मगरच. नाव एका इंग्रजी बालकवितेच्या ओळीवरून घेतलेलं, ज्यात मगर गोड हसून माशांना जबड्यात बोलावते.

इथून सुरुवात करायची कारणं दोन. इथे तिकीट नाही, शांतता पाळा म्हणणारा रखवालदार नाही, चारी बाजूंनी फिरता येतं. शिवाय अतिवास्तववाद म्हणजे काहीतरी गंभीर, अंधारं, मानसशास्त्राच्या पुस्तकातलं असतं हा समज इथेच गळून पडतो. हे शिल्प विनोदी आहे. विनोद कळला की हळूहळू दुसरंही जाणवायला लागतं: ही आई आहे की वाहन? पिल्लं निघाली आहेत की नेली जात आहेत? होडी आणि जबडा एकच असेल तर आत बसलेल्यांचं काय होणार? एवढे प्रश्न पडले की पुरे. उत्तरं शोधत बसू नका, बस पकडा.

दिवस मोकळा असेल तर चापुल्तेपेकमधल्या मानववंशशास्त्र संग्रहालयातलं तिचं मोठं चित्रही पाहता येईल. माया लोकांच्या जादुई जगावरचं हे चित्र तिने १९६३ च्या सुमारास, दक्षिणेतल्या चियापास राज्यात राहून, तिथल्या वैदूंचे उपचार पाहून केलं. मात्र ते कुठल्या दालनात आहे आणि दालन उघडं आहे का, हे दारातच विचारा. इमारत अवाढव्य आहे आणि पाय दुखतात. रविवार टाळा. स्थानिकांना त्या दिवशी प्रवेश मोफत असल्याने तोबा गर्दी असते.

रोमा वस्तीतल्या चिहुआहुआ रस्त्यावरचं तिचं घर २०१७ मध्ये एका सरकारी विद्यापीठाने विकत घेतलं. प्रत्यक्ष आत सोडतात का ते जाण्याआधी तपासा. घराची संगणकावरची फेरी मात्र घरबसल्या करता येते. स्वयंपाकघर नीट बघा. लिओनोराच्या लेखी भांडी, चूल, शिजवणं आणि किमया (धातूचं सोनं करू पाहणारी जुनी विद्या) एकाच घरातल्या गोष्टी होत्या.

पायरी ४: ब्राँझ कसं होतं हे समजून घ्या

ही पायरी लोक गाळतात आणि मग संग्रहालयात "छान आहे" यापुढे सरकत नाहीत. बसमध्ये वेळ आहेच, वाचून टाका.

तिची शिल्पं ओतीव आहेत, मेण वितळवून टाकण्याच्या पद्धतीची. आपल्याकडचे ओतारी पिढ्यान्‌पिढ्या देवाच्या मूर्ती याच तत्त्वावर ओतत आले आहेत, त्यामुळे फार अनोळखी वाटायला नको. कलाकार मेणात किंवा मातीत मूळ आकृती करतो. त्यावरून साचा काढतात. साच्यात वितळलेलं मेण फिरवून पोकळ प्रत तयार होते. आत गाभा भरतात, बाहेरून उष्णता सोसणारं कवच चढवतात, आणि मेणाचा पातळ थर पुरणपोळीतल्या पुरणासारखा मधोमध राहतो. मग भट्टीत मेण वाहून जातं, रिकाम्या जागेत सुमारे अकराशे अंशांवरचं ब्राँझ ओततात. थंड झाल्यावर कवच फोडायचं, धातू ओतायच्या नळ्या कापायच्या, तुकडे जोडायचे, सांधे घासून काढायचे.

उरतो रंग. ब्राँझ मूळचं पिवळट-सोनेरी. संग्रहालयात दिसणारा काळपट, तपकिरी किंवा हिरवट रंग हा रोगण नव्हे. गरम धातूवर रसायनं मारून आणलेला तो मुलामा असतो आणि वरून मेणाचा हात दिलेला असतो. लोहाच्या क्षारांनी तपकिरी येतो, तांब्याच्या क्षारांनी हिरवा. रस्त्यावरच्या शिल्पांना जिथे जिथे लोकांचे हात लागतात तिथे हा मुलामा झिजून खालचं सोनं उघडं पडतं. नाक, गुडघे, शेपटीचं टोक बघा, लगेच कळेल.

आता यातली कामाची गोष्ट. साचा एक असला की प्रती अनेक निघतात. बैठकीच्या कडेला, बहुधा मागच्या बाजूला, सही, ओतशाळेचा शिक्का आणि भागाकारासारखा आकडा शोधा. समजा ३/८ असं असेल, तर आठ प्रतींपैकी ही तिसरी. पी/ए असं असेल तर ती कलाकाराने स्वतःसाठी राखलेली प्रत. म्हणजे तुम्ही पाहताय त्याच शिल्पाचं भावंड दुसऱ्या शहरात, दुसऱ्या रंगात उभं असू शकतं. नवख्यांना यात फसवणूक वाटते. ती नाही, या माध्यमाची ती जुनी रीत आहे. मात्र एखादं शिल्प विकत घ्यायचा विचार कधी मनात आलाच तर पहिला प्रश्न याच आकड्याचा आणि त्याच्या कागदपत्रांचा विचारायचा.

पायरी ५: तुरुंगात शिरताना

शहराच्या जुन्या भागातून काल्सादा दे ग्वादालुपे या झाडांच्या रस्त्याने चालत या. वाटेत पाणीपुरवठ्यासाठी बांधलेलं, एकोणिसाव्या शतकातलं दगडी काखा देल आग्वा लागतं. चालणं सोपं आहे. शहर साधारण १८६० मीटरवर असल्याने ऊन लागतं पण घाम येत नाही, म्हणून पाणी प्यायचं विसरतं.

तुरुंगाची रचना नीट बघा. मधोमध पहाऱ्याची जागा, आणि तिथून चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरलेल्या कोठड्यांच्या लांबलचक रांगा. एका माणसाला सगळ्यांवर नजर ठेवता यावी हा हेतू. मेक्सिकन क्रांतीचा नेता फ्रान्सिस्को मादेरो १९१० मध्ये इथे कैदेत होता. आज या आवारात राज्याचं कलाकेंद्र चालतं. कुठून तरी पियानोचा सराव ऐकू येतो, नृत्याचे वर्ग भरतात, आणि कॅरिंग्टन संग्रहालय हा त्याचाच एक भाग.

संग्रहातला मोठा वाटा तिचा मुलगा पाब्लो वाइस याने दिलेला आहे. मोठी ब्राँझ, लहान ब्राँझ, शिलामुद्रा (दगडावरून छापलेली चित्रं), दागिने, खाजगी वस्तू. मोठी तैलचित्रं पाहायच्या आशेने आलात तर निराश व्हाल. ती जगभर विखुरली आहेत आणि त्यांच्या किमती गगनाला भिडल्या आहेत. मला विचाराल तर हे बरंच झालं. चित्रं असती तर शिल्पांकडे कोणी ढुंकून पाहिलं नसतं.

पाट्या मुख्यतः स्पॅनिशमध्ये. फोनच्या कॅमेऱ्यातून भाषांतर करणारं ॲप आधीच उतरवून ठेवा, जाड दगडी भिंतींमध्ये नेटवर्कचा भरवसा नाही. चार-पाच शब्द पाठ असले तरी भागतं: ब्रोन्से म्हणजे ब्राँझ, सेरा पेर्दिदा म्हणजे मेण घालवून केलेलं ओतकाम, सिन तितुलो म्हणजे शीर्षक नसलेलं, नो तोकार म्हणजे हात लावू नका. फोटो काढण्याचे नियम तिकिटाच्या खिडकीवर विचारा. फ्लॅश कुठेच मारू नका.

पायरी ६: एका शिल्पासमोर पंधरा मिनिटं

हाच या लेखाचा गाभा. सगळी शिल्पं सारख्याच वेळात उरकण्यापेक्षा तीन निवडा आणि प्रत्येकाला पंधरा मिनिटं द्या. निवड कशी करायची? दालनातून एक वेगाने फेरी मारा, आणि जे शिल्प पाहून किंचित अस्वस्थ वाटलं किंवा हसू आलं, तिथे परत या.

पाटी वाचू नका. अजून नाही.

आधी लांब उभे राहा, आठ-दहा पावलांवर, आणि फक्त बाह्याकृती बघा. तिच्या बऱ्याच आकृत्या उंच, निमुळत्या, झगा पांघरलेल्या. लांबून वाटतं, कुणी साध्वी किंवा यात्रेकरू उभी आहे. जवळ जायला लागलात की मान लांब होते, चेहऱ्याला चोच फुटते, झग्याखाली पाय आहेत की खूर याची शंका येते. हा बदल कितव्या पावलाला झाला ते लक्षात ठेवा. त्या जागेवर पुन्हा मागे-पुढे व्हा.

मग प्रदक्षिणा घाला, अगदी देवळात घालतो तशी, पूर्ण. आपण चित्रपटाच्या पडद्याला सरावलेले लोक शिल्पाची पाठ बघतच नाही. तिच्या शिल्पांत पाठीकडे बरंच काही असतं. झगा कसा उतरतो, शेपूट आहे का, मागून ती म्हातारी वाटते की मूल. समोरून दरारा असलेली आकृती मागून पार एकटी दिसू शकते.

आता मान. म्हणजे खरोखरची मान, जिथे माणसाचं धड संपतं आणि प्राण्याचं डोकं सुरू होतं. हा सांधा शोधा. चित्रात तिला रंग बदलून सांगता यायचं, ही कातडी, हे पीस, हा कपडा. ब्राँझमध्ये सगळं एकाच धातूचं, एकाच मुलाम्याचं. त्यामुळे बाई आणि पक्षी यांच्यामधली रेघच नाहीशी होते. चोच, केस आणि वस्त्र एकाच कातडीचे झालेले असतात. उतारवयात तिने शिल्पाकडे वळण्याचं कारण मला यात दिसतं. आयुष्यभर ती जे रंगवत होती, की माणूस आणि जनावर या दोन जाती नव्हेतच, ते धातू तिला न सांगता करून देतो.

इथे मराठी माणसाला एक फायदा आहे आणि एक तोटाही. फायदा असा की प्राण्याचं डोकं आणि माणसाचं शरीर पाहून आपण दचकत नाही. गणपती, नरसिंह, वराह यांच्यात वाढलेलो आपण. युरोपीय प्रेक्षकाची पहिली पाच मिनिटं ज्या धक्क्यात जातात तो आपल्याला बसतच नाही. तोटा असा की आपण लगेच हातातली आयुधं मोजायला लागतो. हातात पाश म्हणजे हा, मोदक म्हणजे तो. लिओनोराच्या आकृत्यांना अशी ठरलेली लक्षणं नाहीत. केल्टिक दंतकथा, किमया, तिबेटी बौद्ध विचार, माया लोकांची श्रद्धा आणि स्वतःचं स्वयंपाकघर यातून ती हवं ते उचलते आणि कुठून उचललं याची नोंद ठेवत नाही. कोणी अर्थ विचारला तर ती सरळ उडवून लावायची, हे तिच्या मुलाखतींत दिसतं. तेव्हा "हे कशाचं प्रतीक?" यापेक्षा "हे आत्ता काय करतंय?" असा प्रश्न घ्या. ऐकतंय? वाट बघतंय? काही लपवतंय? या प्रश्नाला डोळ्यांनी उत्तर देता येतं.

हात बघा. तिने केलेले हात लांबसडक असतात, आणि चेहऱ्यावर जे नाही ते तिथे असतं. तळवा उघडा आहे की मिटलेला, बोटं कशाकडे वळली आहेत.

आकृती कशावर उभी आहे तेही पाहा. होडी तिच्या कामात वारंवार येते आणि प्रवासी बहुधा प्राणी किंवा अर्धे प्राणी. लिस्बनहून बोटीने निघालेल्या बाईच्या कामात होड्या असणारच, असं म्हणण्याचा मोह होतो. म्हणा, पण तिथेच थांबू नका.

आता पाटी वाचा. शीर्षकामुळे पाहिलेलं बदललं का? बऱ्याचदा शीर्षक दिशा दाखवण्याऐवजी गुगली टाकतं. मग खाली वाका, आकडा आणि शिक्का शोधा.

शेवटची पाच मिनिटं पेन्सिलने काढा. चित्रकला येत नसेल तरी काढा. शाईचं पेन बहुतेक संग्रहालयांत चालत नाही, म्हणून पेन्सिलच. काढताना कळतं की जे कान वाटले ते शिंगं आहेत. मुलं बरोबर असतील तर त्यांना आधी काढायला लावा, नाव ठेवायला सांगा. त्यांना ही पायरी समजावून सांगावी लागत नाही.

दागिन्यांची काचपेटी चुकवू नका. मोठ्या आकृत्यांमधले चेहरे तिथे अंगठ्याएवढे होऊन येतात. मोठं पाहून झाल्यावर लगेच लहान पाहिलं की मापाने काय फरक पडतो ते कळतं. दरारा जातो, खट्याळपणा उरतो.

आवारात उघड्यावर शिल्पं असतील तर ती सकाळी किंवा चारनंतर पाहा. भर दुपारी वरून पडणारं ऊन चेहऱ्याच्या खाचा काळ्या करून टाकतं आणि मुलाम्याचा हिरवा रंग दिसतच नाही.

पायरी ७: हिलित्ला

सान लुईस पोतोसीहून हिलित्ला बसने पाच-सहा तासांवर आहे, रस्ता शेवटी वळणावळणांचा. गाडी लागत असेल तर गोळी आधी घ्या. कोरड्या पठारावरून तुम्ही वास्तेका भागातल्या दाट, ओल्या जंगलात उतरता. पाऊस जून ते ऑक्टोबर. त्या काळात गेलात तर बुटांना पकड हवी, कारण शेवाळ सगळीकडे.

लोक इथे येतात ते लास पोसाससाठी. एडवर्ड जेम्स या श्रीमंत इंग्रजाने १९४० च्या दशकाअखेर इथे जमीन घेतली, ऑर्किड लावली. १९६२ च्या गोठवणाऱ्या थंडीत हजारो ऑर्किड मेली, तेव्हा न मरणारी फुलं हवीत म्हणून त्याने सिमेंट-काँक्रीटची बाग उभी करायला घेतली. कुठेच न पोहोचणारे जिने, छत नसलेले खांब, बांबूच्या रूपातले मनोरे. स्थानिक सुतार-गवंड्यांनी लाकडी साचे करून हे सगळं बांधलं आणि १९८४ मध्ये जेम्स मरेपर्यंत काम चालू होतं. हाच जेम्स लिओनोराचा मित्र आणि ग्राहक. १९४८ चं तिचं न्यूयॉर्कचं प्रदर्शन त्याच्या खटपटीमुळे झालं, आणि वर सांगितलेली लाकडी मांजरबाईही त्याच्याकडेच होती.

त्यामुळे गावातलं छोटं कॅरिंग्टन संग्रहालय आधी करा, बाग नंतर. बहुतेक जण उलट करतात आणि बागेतून दमून, भिजून आल्यावर संग्रहालय टाळतात. आधी ब्राँझ पाहिलं की बागेतलं काँक्रीट वेगळं दिसतं. ती आतून बाहेर काम करते, मेणात बोटं घालून. तो दुसऱ्यांच्या हातून, लाकडी साच्यांनी, जंगलाएवढं काम करवतो. दोघांचंही वेड खरं, पण मला तिचं जास्त पटतं. जेम्सच्या बागेत फोटो सुंदर येतात, तिच्या शिल्पासमोर फोटो काढायचं विसरायला होतं.

एकच दिवस हातात असेल तर हिलित्ला सोडा, तुरुंग करा.

खाणंपिणं, विशेषतः शाकाहाऱ्यांसाठी

सान लुईसच्या एन्चिलादास पोतोसिनास चाखा. लाल मिरची मळून केलेली मक्याची पारी, आत बहुधा चीज. अडचण डुकराच्या चरबीची. ती घेवड्याच्या उसळीत, तामालच्या (पानात गुंडाळून शिजवलेल्या मक्याच्या पदार्थाच्या) पिठात, तळणीत कुठेही असू शकते आणि तिथल्या लोकांच्या लेखी ती मांसात मोजली जात नाही. म्हणून नुसतं "सिन कार्ने" (मांस नको) म्हणून भागत नाही, "सिन मान्तेका" (चरबी नको) हेही म्हणा. वास्तेकातला साकावील हा केळीच्या पानात भाजलेला महाकाय तामाल मांसाचाच असतो. गोडात निवडुंगाच्या फळांचा रस आटवून केलेली केसो दे तुना नावाची वडी मिळते. नावात चीज असलं तरी दूध नाही आणि मासा तर मुळीच नाही.

परतीची बस

हिलित्लाहून परतीचं तिकीट उतरल्या उतरल्याच काढा. शनिवार-रविवारी दुपारच्या गाड्या लवकर भरतात. बसच्या पाटीवर गावाचं नाव इंग्रजी एक्स या अक्षराने सुरू होतं, उच्चार मात्र ह चा, त्यामुळे स्थानकावर कानांपेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा. पुढे मेक्सिको सिटीच गाठायची असेल तर सान लुईसला परत जायची गरज नाही, सिएरा गोर्दाच्या डोंगरातून केरेतारोमार्गे जाता येतं. हा रस्ता फार देखणा आहे, पण दिवसाउजेडीच धरा.